पळीभर तेल

मी कवी माणूस. बी.ए.ला मराठी घेतले होते. पदार्थविज्ञानाशी माझा शेवटचा रीतसर संबंध दहावीच्या परीक्षेत आला आणि तो फारसा गोडीचा नव्हता. तरीही आज मी आकाश, काळ आणि गुरुत्वाकर्षण यांवर बोलणार आहे, कारण या विषयाचे दोन पत्ते आपल्या खानदेशातले आहेत आणि ते आपल्यालाच फारसे ठाऊक नाहीत.

सुरुवात घरातून करतो. माझी भाची यंदा दहावी पास झाली. निकालानंतर ती पहूरला आमच्याकडे राहायला आली होती. रात्री वीज गेली म्हणून सगळे गच्चीवर बसलो होतो. ती एकदम म्हणाली, “मामू, तो महास्फोट झाला म्हणतात, त्याच्या आधी काय होतं?” माझी बहीण म्हणाली, “आधी भाकर खा.” सगळे हसले. मी हसलो नाही. कारण हाच प्रश्न मी तिच्याहून लहान असताना तीन ठिकाणी विचारला होता. मक्तबात उस्तादांनी सांगितले, आधी फक्त अल्लाह होता, बाकीचे तोच जाणे. शाळेत गुरुजींनी सांगितले, हे परीक्षेला येत नाही. आणि दादी म्हणाली, “पोरा, इतकं खोल इचारू नये, डोकं फिरतं.” उस्तादांचे उत्तर श्रद्धेचे होते, ते मी आजही मानतो. दादीचे मायेचे होते. गुरुजींचे मात्र उत्तरच नव्हते.

आम्ही पिंजारी. माझे आजोबा कमान खांद्याला लावून गावोगाव फिरत. पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेने, म्हणजे आमच्या ‘पीजे’ने, ते बाजाराच्या गावांना जात. ती गाडी २०२० साली थांबली. आजोबा तर त्याच्या कितीतरी आधी गेले. कमानीची तात कापसावर वाजू लागली की दगडासारखा दबलेला कापूस ढगासारखा फुलायचा. आजोबा मला चिमूटभर कापूस देत आणि म्हणत, ओढ. ओढला की तंतू निघायचा. मग अंगातल्या सदऱ्याकडे बोट दाखवत, “हे सपाट दिसतं ना? सपाट काही नसतं. जवळून बघ, सगळं सूतच आहे.” हे वाक्य पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवले.

आता पहिला पत्ता. चाळीसगावच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. दर्शन घेतले, धबधबा पाहिला, डबा खाल्ला आणि परत आलो. पण याच पाटणमध्ये एक शिलालेख सापडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. लेख आहे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा, देवगिरीच्या यादवांपैकी सिंघणाच्या राजवटीतला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याच्या पिढ्या दिल्या आहेत. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर मोठा पंडित होता. त्याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्यातल्या गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीबद्दल एक विचार मांडला आहे. पृथ्वीला कोणी खालून धरलेले नाही. तिच्यात ओढून घेण्याची शक्ती आहे, जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला वाटते वस्तू पडली. मग चोहीकडे सारखेच आकाश असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार? नऊशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न वाचून आजही क्षणभर थांबायला होते. हे वाचून काहीजण लगेच म्हणतात, बघा, न्यूटनच्या आधीच आपल्याकडे सगळे होते. तसे म्हणू नये. ओढ किती, अंतर वाढले की ती कशी घटते, चंद्रालाही तीच ओढ कशी लागू पडते, याचा हिशेब न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. भास्कराचार्यांचे मोठेपण वेगळे आहे. सगळ्यांना उघड दिसणारी गोष्ट, म्हणजे वस्तू खाली पडणे, त्यांनी उघड मानली नाही.

पण मला त्या शिलालेखातला वेगळाच भाग जास्त आवडतो. लेख संस्कृतात आहे, मात्र शेवटच्या ओळी आपल्या जुन्या मराठीत आहेत. का, तर तिथे पैशाची गोष्ट आहे आणि ती बाजारातल्या माणसाला कळायला हवी. मठाचा खर्च कसा चालायचा ते त्यात लिहिले आहे. पेठेत जो माल विकला जाईल त्यावरचा ठरावीक कर मठाला. सुपाऱ्या मठाला. धान्य मोजताना मठाचे माप वापरायचे. आणि तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल मठाला.

पळीभर तेल! त्या तेल्याला ग्रहांचे गणित कळत नसणार. पण त्याच्या तेलावर मठातला दिवा जळत असणार आणि त्या दिव्याखाली कोणी पोरगा गोलाध्याय पाठ करत असणार. ज्ञानाचा इतिहास आपण पंडितांच्या नावांनी लिहितो. त्यात तेल्याचे नाव कधी येत नाही. इथे निदान त्याचा घाणा दगडावर आला आहे.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ पुढे आमच्यापर्यंत, म्हणजे फारसी वाचणाऱ्या जगापर्यंत आणली ती एका कवीने. अकबराच्या दरबारातला फैजी, अबुल फजलचा थोरला भाऊ. त्याने १५८७ मध्ये तिचा फारसी अनुवाद केला. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात तिच्या दागिन्यातला मोती पडला, पाणी अडले, लग्नाचा मुहूर्त टळला आणि बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती फैजीच्या प्रस्तावनेमुळे. गोष्ट खरी की रचलेली, तो भाग निराळा. पण हाच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून बऱ्हाणपूरला, खानदेशच्या फारुकी सुलतानाकडे आला होता. तेव्हा एखाद्या मुसलमान कवीने खानदेशात बसून भास्कराचार्यांविषयी बोलावे यात नवल काही नाही. ही वाट जुनीच आहे.

आता दुसऱ्या पत्त्याकडे जायचे तर मध्ये सातशे वर्षे आणि एक अडचण ओलांडावी लागते. न्यूटनने ओढीचा हिशेब दिला, पण ओढ म्हणजे काय ते सांगितले नाही. ते १९१५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितले. त्याच्या मते ओढ अशी कोणी करतच नाही. सूर्यासारख्या जड वस्तूमुळे भोवतालचे अवकाश आणि काळ वाकतात आणि त्या वाकलेल्या वाटेने ग्रह फिरतात. बाजेवर जड माणूस बसला की दोऱ्या खोलगट होतात आणि बाजेवर ठेवलेला कांदा घरंगळत त्याच्याकडे जातो, तसे काहीसे. दाखला अपुरा आहे, पण जवळपासचा आहे.

त्यानंतर दहा-बारा वर्षांत दुसरे शास्त्र उभे राहिले, क्वांटमचे. ते अणूच्या आतल्या जगाचे. तिथे ऊर्जा नळाच्या धारेसारखी सलग येत नाही, थेंबाथेंबाने येते. या शास्त्रावर आजचे मोबाइल, संगणक, लेसर चालतात. म्हणजे दोन्ही शास्त्रे खरी ठरली. अडचण अशी की दोन्हींचे एकमेकांशी जमत नाही. आइन्स्टाइनचे अवकाश सलग आहे, क्वांटमला सलग काही मान्य नाही. एरवी हे भांडण लपून राहते, कारण एक शास्त्र मोठ्या वस्तूंचे आणि एक लहान. पण कृष्णविवराच्या पोटात आणि विश्वाच्या आरंभी प्रचंड वस्तुमान अगदी थोड्या जागेत कोंबलेले असते. तिथे दोन्ही शास्त्रे एकाच वेळी लागतात आणि गणित कोसळते. उत्तर ‘अनंत’ येते. गणितात अनंत आले म्हणजे फार मोठे काही सापडले असे नव्हे. पुढचा रस्ता खचला आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही दोन शास्त्रे जोडायची कशी, हा आजच्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रातला सर्वांत मोठा प्रश्नांपैकी एक आहे.

आणि इथे दुसरा पत्ता येतो, शिरपूर. धुळे जिल्ह्यातले, तापीच्या पलीकडचे, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे आपले शिरपूर. तिथे ५ जुलै १९४९ रोजी अभय अष्टेकर यांचा जन्म झाला. बालपण महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या गावी गेले, पदवीपर्यंतचे शिक्षण भारतात झाले. मग ते अमेरिकेत गेले आणि १९७४ मध्ये शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पुढे १९८६ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि जगभरच्या या क्षेत्रातल्या माणसांना शिरपूरच्या या मुलाचे नाव पाठ झाले.

त्यांनी काय केले? माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. एखादी कविता एका वृत्तात बसतच नाही, ओढाताण होते. वृत्त बदलले की त्याच आशयाला वाट मिळते. आइन्स्टाइनची समीकरणे क्वांटमच्या भाषेत नेताना इतकी किचकट होत की कोणाला पुढे सरकता येत नव्हते. अष्टेकरांनी आशय तोच ठेवून ती समीकरणे नव्या चलांमध्ये लिहिली. आज त्यांना ‘अष्टेकर चले’ म्हणतात. तसे लिहिल्यावर गुरुत्वाकर्षणाची समीकरणे विजेच्या आणि अणूतल्या बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली आणि त्या बलांसाठी तयार असलेली हत्यारे इथेही चालू लागली. त्या पायावर कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन आणि इतरांनी जी इमारत उभी केली तिला ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ म्हणतात. लूप म्हणजे कडी, वेटोळे.

या सिद्धांताचे म्हणणे असे की अवकाश सलग नाही. कड्यांत कड्या गुंतवून विणलेले असावे तसे ते आहे. जागेचे तुकडे करत गेलात तर एका ठिकाणी थांबावे लागते, त्याहून लहान तुकडा नसतोच. ही वीण किती बारीक? एका मीटरचे भाग करायचे, भागांची संख्या एकावर पस्तीस शून्ये. त्यातल्या एका भागाच्या आसपास. तो एवढासा भाग तिळाएवढा फुगवला आणि त्याच प्रमाणात अणू फुगवला, तर अणू आपल्या आकाशगंगेहून मोठा होईल. म्हणून आपल्याला सूत दिसत नाही, नुसते कापड दिसते.

अष्टेकर, रोव्हेली आणि स्मोलिन या तिघांनी १९९२ मध्ये एक निबंध लिहिला. त्याच्या मथळ्यातच धागे आहेत आणि विणणे आहे. क्वांटमच्या धाग्यांनी अवकाशाचे नेहमीचे माप कसे विणता येते, असा त्याचा विषय. हे मला कळले त्या दिवशी आजोबांची फार आठवण आली. आजोबांना हे आधीच ठाऊक होते असे मी म्हणणार नाही, नाहीतर न्यूटनच्या बाबतीत जी चूक नको म्हटले तीच मी केली असे होईल. आजोबांना सदरा ठाऊक होता. पण सपाट दिसते त्यावर विश्वास ठेवू नको, जवळून बघ, ही सवय त्यांनी लावली होती.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. अष्टेकर, तोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी २००६ मध्ये या नव्या गणिताने विश्वाचा आरंभ तपासला. विश्वाचे सोपे केलेले रूप घेतले आणि काळ उलटा नेला. जुन्या गणितात विश्व आकसत आकसत शून्याला जाते आणि सगळे कोसळते. नव्या गणितात तसे होत नाही. वस्तुमान ठरावीक मर्यादेपर्यंत दाटते. त्या दाटीत अवकाशाची वीणच विरोध करू लागते, ओढीऐवजी रेटा तयार होतो आणि विश्व पुन्हा पसरते. म्हणजे महास्फोटाच्या जागी महाउसळी. आणि उसळी म्हटली की तिच्या आधीही काही असणार, एक आकसत जाणारे विश्व.

हे भाचीला सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. “म्हणजे उत्तर सापडलं?” मी म्हटले, “नाही बेटा. एक उत्तर मांडलं गेलंय.” मित्रहो, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. लूपचा सिद्धांत अजून कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. त्याला प्रतिस्पर्धीही आहेत. सगळ्यात मोठा स्ट्रिंगचा, म्हणजे सूक्ष्म तारांचा सिद्धांत. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मोठे काम केले आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजचे अतीश दाभोळकर त्याच वाटेचे. पाकिस्तानचे नोबेल विजेते अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे केंद्र स्थापले, गरीब देशांतल्या हुशार मुलांना जगाशी जोडून घेता यावे म्हणून. त्या केंद्राचे संचालक म्हणून २०१९ मध्ये गडहिंग्लजचा हा माणूस गेला. स्ट्रिंगही प्रयोगाने सिद्ध झालेली नाही. आणि २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेलेले जयंत नारळीकर तर महास्फोटच मानायला तयार नव्हते. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी वेगळे विश्व मांडले. बहुसंख्य शास्त्रज्ञ विरुद्ध बाजूला होते, पुरावे विरुद्ध बाजूला झुकत गेले, तरी त्यांनी शंका विचारणे सोडले नाही. त्यांच्याच हातून पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली आणि तिथे त्यांच्याशी असहमत असणारेही काम करत राहिले.

“अजून माहीत नाही” हे वाक्य माझ्या लहानपणी मला कोणी म्हटले असते तर बरे झाले असते. परीक्षेला येत नाही आणि अजून कोणाला माहीत नाही, या दोन उत्तरांत फार अंतर आहे. पहिल्याने दार बंद होते. दुसऱ्याने पोरगे उंबऱ्यावर थांबते.

मी स्वतः उंबऱ्यावरून परत फिरलो. दहावीनंतर शास्त्र शाखेला जावे असे मनात होते. पण प्रयोगवह्या, शिकवणी, रोजचे जाणे-येणे असा खर्च दिसत होता आणि घरात आम्ही पाच भावंडे. अब्बा नाही म्हणाले असे नाही. मी त्यांना विचारलेच नाही. कविता मिळाली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण न विचारलेला प्रश्न माणसाला शिवलेल्या गादीत राहिलेल्या सरकीसारखा टोचत राहतो.

म्हणून पुन्हा पाटणच्या शिलालेखाकडे येतो. अष्टेकर अमेरिकेत गेले, तिथल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात १९९३ पासून त्यांनी केंद्र उभारले आणि २०१८ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचे आइन्स्टाइन पारितोषिक त्यांना मिळाले. आनंदच आहे. पण शिरपूरच्या पुढच्या मुलाला, पहूरच्या मुलीला ही वाट दिसावी यासाठी इथल्या पेठेने पळीभर तेल द्यायला नको का? सरकार काही देत नाही असे नाही. गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये पहिल्यांदा पकडल्या गेल्या, त्या शोधात आयुकाच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास २०२३ मध्ये केंद्राने दोन हजार सहाशे कोटींची मंजुरी दिली. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, तीही एक पळीच. पण सगळे सरकारी घाण्यावर सोडून चालत नाही. ज्या घरात मुलगी असा प्रश्न विचारते त्या घरालाही थोडे तेल काढावे लागते.

बहिणीच्या घरी दोन आठवडे चर्चा चालली. मेहुणे म्हणत होते, डी.एड. कर, नोकरीचे बघ. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे संसार आहे. मी एवढेच म्हणालो, तिला विचारा आणि वह्या-पुस्तकांचे माझ्याकडे लागले. परवा तिने जामनेरला अकरावी शास्त्राचा अर्ज भरला. पुढे काय होईल ते आज कोणी सांगू नये.

दिवाळीच्या सुटीत तिला पाटणला नेणार आहे. पाचोऱ्याहून चाळीसगाव, तिथून पुढे. डबा आम्हीही खाणार, धबधबाही बघणार. पण आधी बाजारच्या मराठीतला तो लेख आणि त्यातले पळीभर तेल यांची गोष्ट तिला सांगणार आहे. ती वाटेत प्रश्न विचारणार हे नक्की. त्यातले पुष्कळ मला येणार नाहीत. तसे तिला सांगेन.